पंखाखाली काय होतं? कारगिलच्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात १९९९ च्या कारगिल युद्धातल्या हवाई दलाच्या मोहिमेवर, म्हणजे ‘ऑपरेशन सफेद सागर’वर लिहिलं आणि भरपूर पत्रं आली. बहुतेकांना तपशील हवा आहे: कुठलं विमान, त्याचा कुठला नमुना, आणि त्याच्या पंखाखाली काय टांगलेलं होतं. मी हवाई दलात आर्ममेंट फिटर होतो. विमानाला बॉम्ब, रॉकेटं, तोफेच्या गोळ्या लावायच्या आणि परत आलेलं विमान सुरक्षित करायचं, हे आमचं काम. नोकरीचा मोठा काळ मिग-२३ बीएनच्या स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत गेला आणि त्या उन्हाळ्यात मी पंजाबातल्या एका तळावर होतो. त्यामुळे तुमचे प्रश्न मला अगदी जवळचे आहेत. सगळ्या पत्रांना जागा नाही, निवडक घेतो.

प्रश्न : मिग-२७ चार हजार किलो शस्त्रं वाहू शकतं, असं सगळीकडे छापलेलं असतं. मग कारगिलमध्ये विमानं इतका कमी भार घेऊन का जात होती? चार टन भरून एका फेरीत काम का उरकलं नाही?
— मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : ४००० किलो हा आकडा खोटा नाही. पण त्या आकड्यामागे काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. हवा दाट आहे, धावपट्टी लांब आहे, पल्ला जवळचा आहे, असं सगळं. कारगिलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

तू मेकॅनिकलचा आहेस, म्हणून आकड्यांतच सांगतो. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के राहते. इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून जोर घटतो. पंखालाही हवा कमी, म्हणून तेवढाच भार उचलायला विमानाला जास्त वेगानं जावं लागतं. वेग वाढला की वळणाचा घेर वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सखल भागात ज्या घेरात विमान वळतं, त्याच्या दीडपटीहून मोठा घेर तिथे लागतो. आता हे दरीत करायचं आहे, दोन्ही बाजूंना डोंगर उभे आहेत, आणि वरून स्पष्ट आदेश आहे की नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. म्हणजे हल्ला कुठल्या दिशेनं करायचा आणि करून कुठल्या दिशेला निघायचं, दोन्हीला मर्यादा. बॉम्ब सोडल्यावर समोरची धार ओलांडून वर निघायला इंजिनात शिल्लक जोर हवा. ती शिल्लक ठेवायची तर वजन कमी करावंच लागतं.

दुसरी बाजू इंधनाची. पंजाबातल्या तळावरून निघून डोंगरात जायचं, लक्ष्य सापडेपर्यंत थोडं थांबायचं, परत यायचं. त्यासाठी बाहेरच्या इंधन टाक्या लावाव्या लागतात. एका पायलनवर, म्हणजे पंखाखाली किंवा पोटाखाली भार टांगायच्या आधारावर, टाकी लागली की तिथे बॉम्ब लागत नाही. शिवाय टाकी आणि बॉम्ब दोन्ही हवेत अडथळा निर्माण करतात, म्हणजे पुन्हा इंधन जास्त जळतं.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकात कधीच छापलेली नसते: परत घेऊन येण्याचं वजन. जून महिन्यात त्या डोंगरांवर ढग केव्हा उतरतील याचा भरवसा नसतो. लक्ष्य दिसलं नाही तर वैमानिक बॉम्ब घेऊन परत येतो, आणि विमान उतरताना त्याच्या चाकांवर किती वजन चालेल याची मर्यादा असते. भार ठरवताना उतरण्याचा विचार आधी करावा लागतो. कितीतरी वेळा संध्याकाळी आम्ही सकाळी लावलेलेच बॉम्ब उतरवून ठेवले आहेत.

आता अचूकतेचं. पातळ हवेत पडणाऱ्या बॉम्बला अडथळा कमी होतो, त्यामुळे तो नेहमीच्या हिशेबापेक्षा पुढे जाऊन पडतो. विमानांच्या नेम धरणाऱ्या यंत्रांतली गणितं इतक्या उंच लक्ष्यांसाठी बसवलेली नव्हती. मैदानात बॉम्ब तीस मीटर पुढे पडला तरी स्फोटाचा काही परिणाम होतो. अरुंद धारेवर तो तीस मीटर पुढे गेला तर धार ओलांडून पलीकडच्या दरीत शेकडो मीटर खाली जाऊन फुटतो आणि बंकरमधल्या माणसाला नुसता आवाज ऐकू येतो. म्हणून चार टन घेऊन जाऊन काही साधणार नव्हतं. कमी भार, योग्य उंची आणि नीट धरलेला नेम, यानंच काम होणार होतं. हे पहिल्या काही दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ती पुढच्या एका उत्तरात येते.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात मिग-२७ च्या जोडणीवर होते. ते सांगायचे, मिग-२३ बीएन आणि मिग-२७ बघायला भाऊ-भाऊ आहेत. मग कारगिलमध्ये दोन्ही का वापरली? फरक काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या वडिलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. दोघांचा सांगाडा एकाच घराण्यातला. दोघांचेही पंख उड्डाणात मागेपुढे होणारे: १६, ४५ आणि ७२ अंश अशा तीन स्थितींत. दोघांचंही नाक पुढून चपटं आणि खाली उतरतं, कारण वैमानिकाला जमीन दिसावी. लांबून ओळखायचं तर हवा आत घेणारे दोन कप्पे बघायचे. मिग-२३ बीएनचे कप्पे हलत्या पडद्यांचे, अतिवेगासाठी केलेले. मिग-२७ ला खालून उडायचं म्हणून साधे, स्थिर कप्पे. त्यानं वजन आणि गुंतागुंत दोन्ही कमी झालं.

खरा फरक पोटाखाली होता. मिग-२३ बीएनला दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ. मिग-२७ ला सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची, मिनिटाला ५००० च्या आसपास गोळ्या फेकणारी. ही तोफ चालली की अख्खं विमान हादरायचं, आणि अशा हादऱ्यांनी उतरायच्या वेळचे दिवे फुटल्याचे किस्से सोव्हिएत तळांवरही ऐकवले जात. बॉम्ब आणि रॉकेटं मात्र दोघांवर बरीचशी सारखीच: २५० आणि ५०० किलोचे साधे बॉम्ब, ५७ आणि ८० मिलिमीटरच्या रॉकेटांचे पॉड, म्हणजे टांगायचे डबे. आम्हा फिटर लोकांना त्यामुळे सोय होती. एकावर हात बसला की दुसऱ्यावर काम करायला वेळ लागत नसे.

एक बारीक गोष्ट तुमच्या वडिलांना नक्की माहीत असणार. पंखाच्या हलत्या भागाखालचा पायलन वळत नाही. तिथे टाकी लावली की ती टाकून देईपर्यंत पंख १६ अंशांवरच ठेवावे लागतात. म्हणून लढाईचा भार स्थिर भागाखाली आणि पोटाखाली लागायचा. भारतातली मिग-२७ विमानं ओझरलाच तयार झाली, दीडशेहून जास्त. हवाई दलात त्यांचं नाव ‘बहादूर’. नाशिककरांनी याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं, कारण २६ मे १९९९ ला पहिल्या दिवशी ज्या विमानांनी हल्ला केला, त्यांत ओझरच्या कामगारांच्या हातची विमानं होती.

प्रश्न : स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजांचं विमान पडलं ते मिग-२१. इतकं जुनं विमान त्या डोंगरात पाठवलंच का, याचा मला अजून राग येतो. उत्तर द्याल का?
— निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, तुमचा राग मला समजतो. आधी काय घडलं ते क्रमानं सांगतो.

२१ मे ला टेहळणीसाठी गेलेल्या कॅनबेरा विमानाला बटालिकच्या बाजूला क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन निकामी झालं, तरी ते श्रीनगरला सुखरूप उतरलं. शत्रूकडे खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रं आहेत, याची ती पहिली ठाम खूण. २७ मे ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन हल्ला चालू असतानाच बंद पडलं. त्यांना विमान सोडून उडी घ्यावी लागली, ते पकडले गेले आणि ३ जूनला पाकिस्ताननं त्यांना सोडलं. आहुजा त्याच वेळी त्या भागात होते. नचिकेता कुठे उतरले याचा ठावठिकाणा मिळावा म्हणून ते तिथेच राहिले, क्षेपणास्त्रांचा धोका माहीत असून राहिले. त्यांच्या मिग-२१ ला क्षेपणास्त्र लागलं. ते बाहेर पडले, पण जिवंत परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. ते भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावरच्या १७ क्रमांकाच्या ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वॉड्रनचे होते.

आता मिग-२१ का, याचं उत्तर. त्या वेळी हवाई दलात सर्वांत जास्त संख्येनं तेच विमान होतं आणि त्याचे नमुनेही वेगवेगळे होते. कुणी छायाचित्रं घ्यायला, कुणी आकाशात पहारा द्यायला, कुणी बॉम्ब टाकायला. श्रीनगरच्या धावपट्टीवरून ते झटपट वर चढतं. लहान असल्यानं ते खालून सहज दिसत नाही. पण त्याचं पोट छोटं: पोटाखाली किंवा पंखांच्या टोकाकडे टाक्या लावल्या की बॉम्बसाठी पंखाखालच्या दोन जागा उरतात. आणि इतक्या उंचीवर नेम धरायला लागणारं आधुनिक यंत्र त्यात नव्हतं. तुमचं म्हणणं त्या अर्थी खरं आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या हवाई दलाला त्या वयाचं विमान तिथे पाठवावं लागू नये, असं आम्हा खालच्या लोकांनाही वाटत होतं.

मात्र त्याच १७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रननं पुढे काय केलं, हेही तुम्हाला कळायला हवं. तेव्हा तिचे प्रमुख होते विंग कमांडर बी. एस. धनोआ, जे नंतर हवाई दलप्रमुख झाले. त्यांच्या मिग-२१ वैमानिकांनी हातात मावणारे जीपीएस आणि घड्याळ यांच्या मदतीनं रात्री डोंगरात बॉम्बफेक केली. ठरलेल्या खुणेवरून निघायचं, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या दिशेनं, आणि ठरलेला सेकंद आला की बॉम्ब सोडायचे. ताशी ९०० किलोमीटर वेगानं विमान सेकंदाला २५० मीटर जातं. एका सेकंदाची चूक म्हणजे बॉम्ब पाव किलोमीटर बाजूला. त्या हल्ल्यांत प्रत्येक वेळी बंकर फुटला नाही. पण ज्या शत्रूला रात्र आपली आहे असं वाटत होतं, त्याची झोप गेली. काही ठिकाणी तर बॉम्ब वरच्या उतारांवर टाकले, हिमकडे आणि दरडी खाली आणून रसदीच्या वाटा बंद करण्यासाठी. आहुजांच्या स्क्वॉड्रननं त्यांच्या मागे हे केलं. बाई, मला त्या मुलांविषयी फार आदर आहे.

प्रश्न : बातम्यांत ‘फ्लेअर’ हा शब्द येतो. विमानातून दिवाळीच्या फुलबाज्यांसारखं काहीतरी पडताना दिसतं. ते नेमकं काय करतं?
— गृहिणी, चिपळूण

उत्तर : स्टिंगरसारखं क्षेपणास्त्र विमानाच्या इंजिनाची उष्णता शोधत जातं. फ्लेअर म्हणजे अतिशय तापून जळणारी गोळी. ती विमानाच्या मागे सोडली की क्षेपणास्त्राच्या ‘डोळ्या’ला दोन उष्ण ठिकाणं दिसतात आणि ते फसण्याची शक्यता निर्माण होते. हमी नसते, पण शक्यता असते, आणि लढाईत तेवढ्यावर माणसं वाचतात.

२८ मे १९९९ ला तोलोलिंगच्या भागात रॉकेटं घेऊन गेलेलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर स्टिंगरनं पडलं. त्यावर फ्लेअर सोडणारं यंत्र बसवलेलं नव्हतं. आतले चौघेही गेले: स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरं काढून घेतली गेली आणि जेट विमानांनाही स्टिंगरच्या पोहोचेच्या वर राहूनच हल्ला करायला सांगण्यात आलं. स्टिंगरची उंचीची पोहोच साधारण साडेतीन किलोमीटर. पण डागणारा माणूसच सोळा हजार फुटांवर बसलेला असेल तर त्याची पोहोच सत्तावीस-अठ्ठावीस हजार फुटांपर्यंत जाते. म्हणून विमानं तीस हजार फुटांच्या आसपास गेली. तिथून एक बंकर म्हणजे किती लहान खूण, याची कल्पना करा. पुढच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

प्रश्न : मिराज-२००० नं टायगर हिलवर लेसर बॉम्ब टाकला आणि युद्धाचं पारडं फिरलं, असं एका व्हिडिओत ऐकलं. हे कितपत खरं? आणि लेसर बॉम्ब चालतो कसा?
— बँकेतून निवृत्त, सातारा

उत्तर : आधी चालतो कसा ते. बॉम्ब तोच, साधा, एक हजार पौंडी, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपासचा. त्याला पुढे आणि मागे जोड बसवायचे. पुढच्या जोडात लेसरचा परावर्तित प्रकाश शोधणारं नाक आणि दिशा देणारे छोटे पंख, मागच्या जोडात स्थैर्यासाठी मोठे पंख. हे जोड ‘पेव्हवे-२’ या अमेरिकी मालिकेतले. बॉम्बला स्वतःचं इंजिन नसतं, तो पडतच असतो. फक्त नाकासमोर लेसरचा ठिपका कुठल्या बाजूला आहे ते बघून पंख इकडे-तिकडे मारत राहतो.

तो ठिपका पाडायचं काम विमानाखालच्या ‘लायटनिंग’ पॉडचं. हा इस्राएली बनावटीचा. त्यात दिवसाचा कॅमेरा, उष्णता बघणारा कॅमेरा आणि लेसर, तिन्ही एका वळणाऱ्या डोक्यात. मिराजकडे आधीपासून फ्रेंच पॉड आणि एक हजार किलोचे फ्रेंच लेसर बॉम्ब होते, पण ते फार महाग, आणि पूल किंवा पक्क्या इमारतींसारख्या लक्ष्यांसाठी घेतलेले. बंकरसाठी स्वस्त आणि लहान काहीतरी हवं होतं. म्हणून लायटनिंग आणि पेव्हवेची जोडणी घाईनं पूर्ण केली गेली. विमानाच्या संगणकाला नवा पॉड ओळखायला लावणं, नवा बॉम्ब पायलनवर बसतो का, विजेचे जोड जुळतात का, सोडल्यावर तो विमानाला घासत नाही ना, हे सगळं शांततेच्या काळात महिनोन्‌महिने चालतं. तिथे ते दिवसांत झालं. वैमानिकांची नावं आपल्याला माहीत असतात. त्या दिवसांत हँगरमध्ये रात्रभर वायरिंगचे नकाशे पसरून बसलेल्या तंत्रज्ञांची नावं कुठेच नसतात, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम करतो.

२४ जूनला विंग कमांडर रघुनाथ नांबियार यांनी दोन आसनी मिराजमधून टायगर हिलच्या माथ्यावर पहिला असा बॉम्ब सोडला. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस दुसऱ्या मिराजमधून स्वतः तिथे होते. माथा सुमारे साडेसोळा हजार फूट उंच. तीस हजार फुटांवरून सोडलेल्या बॉम्बला तिथवर पोहोचायला साधारण अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात विमान सावकाश बाजूला वळत असतं आणि पॉडचं डोकं मात्र लक्ष्याकडे रोखलेलं. मध्ये ढगाचा एक तुकडा आला तरी ठिपका हरवतो आणि बॉम्ब वाया जातो. म्हणूनच हवामान बिघडलं की ही मोहीम करताच येत नसे.

आता ‘पारडं फिरलं’ याविषयी. मला हे विधान पटत नाही. संपूर्ण युद्धात टाकलेले लेसर बॉम्ब बोटांवर मोजता येतील इतके थोडे होते. बाकी सगळे साधे. टायगर हिल ४ जुलैला आपल्या हातात आली ती पायदळ रात्री कडे चढून गेलं म्हणून, आणि त्याआधी तोफखान्यानं माथा भाजून काढला म्हणून. लेसर बॉम्बनं माथ्यावरची ठाणी उद्ध्वस्त केली आणि वर बसलेल्यांना कळवलं की आता दगडाआडही सुरक्षित नाही. हे मोठं काम आहे. पण त्याला विजयाचं सगळं श्रेय देणं म्हणजे त्या कड्यावर गेलेल्या जवानांवर अन्याय करणं.

माझ्या मते मिराजचं जास्त मोलाचं काम त्याच्या आठवडाभर आधीचं. १७ जूनला बटालिक विभागातल्या मुंथो ढालो इथला शत्रूचा रसदतळ मिराजनं उडवला, आणि तो साध्या बॉम्बनी. तिथे तंबू होते, दारूगोळा होता, धान्य होतं, आणि डोंगरावरच्या चौक्या त्यावर जगत होत्या. मिराजचा संगणक वेग, उंची, वारा, डुबकीचा कोन यांचं गणित सतत करत राहतो आणि नेमक्या क्षणी बॉम्ब सोडतो. त्यामुळे साधा बॉम्बही वरून पुरेसा जवळ पडला. आणि लक्ष्य पसरलेलं असल्यानं ‘पुरेसा जवळ’ चाललं. लक्ष्य कसलं आहे ते बघून शस्त्र निवडायचं असतं. बंकरला लेसर, तंबूंच्या वस्तीला साधे बॉम्ब.

शिवाय फ्यूज, म्हणजे बॉम्ब केव्हा फुटावा हे ठरवणारा भाग, कुठला लावला, यावर सगळं अवलंबून असतं आणि ते कुणी विचारत नाही. मऊ बर्फात बॉम्ब खोल रुतून मग फुटला तर त्याची निम्मी ताकद बर्फातच जिरते. उघड्या वस्तीवर तो टेकताक्षणी फुटायला हवा. दगड रचून केलेल्या बंकरवर मात्र क्षणभर उशिरा, आत शिरून. हे ठरतं ते टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागी, फ्यूजची सेटिंग करताना. विमानाचं नाव कितीही मोठं असलं तरी चुकीच्या फ्यूजचा बॉम्ब नुसता धूर करतो.

प्रश्न : मिग-२९ चं काम काय होतं? त्यानं एकही बॉम्ब टाकला नाही म्हणतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बॉम्ब टाकणं त्याचं कामच नव्हतं. मिराज, मिग-२७, जॅग्वार खाली लक्ष घालत असताना वरून कुणी येऊ नये म्हणून मिग-२९ पहाऱ्याला असायचं. त्याखाली मध्यम पल्ल्याची आर-२७ आणि जवळच्या झुंजीसाठी आर-७३ क्षेपणास्त्रं. पाकिस्तानी एफ-१६ विमानं त्यांच्या हद्दीत फिरत राहिली, पण आपल्या हल्ल्याच्या विमानांच्या वाटेला गेली नाहीत. न झालेली झुंज बातमीत येत नाही, मात्र ती न होणं हेच त्या विमानाचं यश होतं. पुणेकरांसाठी एक गोष्ट: १९८७ मध्ये मिग-२९ भारतात आलं ते आधी तुमच्या लोहगावलाच.

प्रश्न : जॅग्वारच्या पंखावर, वरच्या बाजूला क्षेपणास्त्र लावलेलं मी एका फोटोत पाहिलं. तो फोटो खरा आहे का?
— बारावीतली विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : खरा आहे. आपल्या जॅग्वारला स्वसंरक्षणाचं मॅजिक क्षेपणास्त्र पंखाच्या वर लागतं. त्यामुळे खालचे सगळे पायलन बॉम्ब, टाक्या आणि पॉडसाठी मोकळे राहतात. लावताना मात्र आमची कसरत व्हायची, कारण क्षेपणास्त्र डोक्याच्या वर उचलून पंखावरच्या पट्टीवर सरकवायचं.

प्रश्न : बॉम्बला लाल रिबिनी का बांधतात?
— सातवीतला मुलगा, अलिबाग

उत्तर : बाळा, या सगळ्या पत्रांत माझ्या कामाविषयीचा प्रश्न तूच विचारलास, म्हणून तुला सविस्तर सांगतो.

बॉम्ब बुटक्या ट्रॉलीवरून विमानाखाली येतो. त्याच्या पाठीवर दोन जाड कड्या असतात. तो वर उचलायचा, कड्या पायलनमधल्या हुकांत गेल्या की ‘खट्ट’ असा आवाज होतो. तो आवाज कानानं ऐकायचा आणि शिवाय डोळ्यांनी बघायचं की हुक पूर्ण बंद झालाय. मग दोन्ही बाजूंचे आधाराचे बोल्ट घट्ट करायचे. सैल राहिले तर उड्डाणात बॉम्ब डुलतो, फार आवळले तर सुटताना अडकतो. किती आवळायचं ते आकड्यात ठरलेलं असतं, आणि तरी प्रत्येक फिटर शेवटी हातानं बॉम्ब हलवून बघतोच. मे-जूनमध्ये पंजाबात तो लोखंडी बॉम्ब इतका तापलेला असायचा की उघडा हात टेकवता येत नसे.

मग फ्यूज बसवायचा. त्याच्या टोकाला छोटा पंखा असतो आणि तो फिरू नये म्हणून त्यातून एक तार ओवलेली असते. तारेचं दुसरं टोक पायलनला. वैमानिकानं बॉम्ब सोडला की तार विमानाकडेच राहते, पंखा मोकळा होऊन वाऱ्यानं फिरतो आणि ठराविक फेरे झाल्यावरच बॉम्ब फुटण्याजोगा होतो. तोवर विमान लांब गेलेलं असतं. वैमानिकाला संकटात बॉम्ब नुसता टाकून द्यायचा असेल तर तो तारेसकट सोडता येतो. मग पंखा फिरत नाही.

आणि तुझी रिबिन. विमान जमिनीवर असताना हुक चुकून उघडू नये म्हणून पायलनमध्ये सुरक्षेच्या पिना घातलेल्या असतात. प्रत्येक पिनेला लाल रिबिन, तिच्यावर लिहिलेलं असतं की उड्डाणाआधी काढा. लाल एवढ्यासाठी की घाईत, अंधारात, घामानं डोळे चुरचुरत असतानाही ती दिसावी. धावपट्टीच्या टोकाशी विमान थांबतं. वैमानिक दोन्ही हात वर करून दाखवतो, म्हणजे त्याचा हात कुठल्याही बटणावर नाही. तेव्हाच आम्ही विमानाखाली शिरायचं, पिना काढायच्या, बाहेर येऊन सगळ्या एकत्र धरून त्याला दाखवायच्या. तो मोजतो. पिना कमी भरल्या तर विमान जात नाही. एखादी पिन आतच राहिली तर वैमानिक जीव धोक्यात घालून लक्ष्यापर्यंत जाईल, बटण दाबेल, आणि बॉम्ब सुटणारच नाही.

प्रश्न : यातली कुठली विमानं आज सेवेत आहेत आणि कुठे बघायला मिळतील? मुलांना दाखवायची आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मिग-२३ बीएन २००९ मध्ये निवृत्त झालं. मिग-२७ चं शेवटचं उड्डाण २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला झालं, आणि मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये निरोप दिला गेला. मिराज, जॅग्वार आणि मिग-२९ सुधारणा करून सेवेत ठेवलेली आहेत. २०१९ मध्ये बालाकोटला गेली ती मिराजच. बघायला दिल्लीतलं पालमचं हवाई दल संग्रहालय सर्वांत चांगलं. तिथे कॅनबेरा आणि मिग-२१ दोन्ही आहेत. गोव्याला जाणार असाल तर दाबोळी विमानतळाजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघा. तिथली विमानं कारगिलची नाहीत, पण सी हॅरियर अगदी जवळून बघता येतं. मुलांना पंखाखाली नेऊन पायलन दाखवा. दोन हुक आणि त्यांच्या बाजूचे आधाराचे बोल्ट लगेच ओळखू येतील.